शेवटच्या कप्प्यातली भेट

१

भेटींचा आठवडा आला की आम्हा असिस्टंट लोकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. त्या आठवड्यात वर्ग बंद. त्याऐवजी एकेका विद्यार्थ्याने आपल्या निबंधाचा मसुदा घेऊन यायचं, आमच्याजवळ बसून तो मोठ्याने वाचायचा, आणि आम्ही ऐकायचं. सकाळी सुरू झालं की संध्याकाळपर्यंत तेच. नुसतं ऐकून माणूस किती दमतो, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. टोबिन म्हणायचा, "मारेन, आपले कान काढून धुता आले असते तर बरं झालं असतं."

मी, मारेन हॉगलँड, तेव्हा पीएचडी करत होते. नेब्रास्कातल्या त्या विद्यापीठात आमची फी माफ व्हायची आणि त्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या पोरांना आम्ही लेखन शिकवायचं, असा सरळ सौदा होता. प्राध्यापक मंडळी वर, खिडक्यांच्या उजेडात. आम्ही तळघरात. एक लांबलचक हॉल, कापड चढवलेली पार्टिशन्स लावून पाडलेले त्यातले कप्पे, आणि डोक्यावरून गेलेले वाफेचे पाइप. थंडी पडली की ते पाइप ठणठण वाजायचे. नवीन माणूस दचकायचा, आम्ही वरही बघायचो नाही. टोबिन एस्किवेलचा आणि माझा कप्पा शेजारीशेजारी. माझ्या पलीकडे शेवटचा कप्पा, तो कुणाचाच नव्हता. मोडक्या खुर्च्या फेकायची जागा.

लेखन विभागाच्या प्रमुख होत्या डॉ. लोर्ना पेट्राकिस. ऐकण्याचं बाईंचं एक शास्त्र होतं आणि ऑगस्टच्या उकाड्यात आम्हाला कोंडून त्यांनी ते गळी उतरवलं होतं. भेटीत पेन्सिल हातात घ्यायची नाही. समोरासमोर बसायचं नाही, खुर्चीच्या कोपऱ्याला कोपरा लावून बसायचं. कोपरं गुडघ्यांवर, मान पुढे. मूल अडखळलं, गप्प झालं, तरी आपण बोलायचं नाही. "ती शांतता त्याची आहे. तुम्ही ती मोडलीत की त्याचं वाक्य मेलं," बाई म्हणायच्या. अगदीच राहवलं नाही तर दोन शब्दांची परवानगी होती: अजून सांग.

"लग्नात पाद्र्याने 'कबूल आहे का' विचारलं तेव्हाही बाई 'अजून सांगा' म्हणाल्या असतील," टोबिन म्हणाला होता. हसून हसून पोट दुखलं होतं आमचं.

हसलो खरे, पण ते शास्त्र माझ्या अंगात मुरलं. इतकं मुरलं की फोनवर आई बोलता बोलता थांबली तरी मी गप्प राहायचे. आई वैतागायची, "अगं, आहेस की गेलीस?"

२

त्या वर्षी पहिला निबंध नेहमीप्रमाणे स्वतःच्या आयुष्यातल्या एका प्रसंगावर होता. माझ्याकडे पहिलीच आली डार्ला कोपेकी. धिप्पाड, गालांवर लाली, आवाज असा की तळघराच्या त्या टोकाला कळावं डार्ला आलीय. विद्यापीठाच्याच डेअरीच्या दुकानात ती आइस्क्रीम विकायची आणि वर्गात येताना हाताला व्हॅनिलाचा वास असायचा. वर्गात कुणी बोलेना तेव्हा डार्ला बोलायची. अशी एक मुलगी प्रत्येक वर्गात असावी, मास्तरांचा जीव वाचतो.

तिने मसुदा वाचला. कापणीचे दिवस, हवा, वारा, रस्त्यावरून आलेली रुग्णवाहिका. दोन पानं, आणि त्यात माणूसच नाही. वाचून झाल्यावर ती गप्प बसली. मीही गप्प. वरचा पाइप वाजला आणि थांबला.

"माझा भाऊ होता त्यात," ती शेवटी म्हणाली. "ओरिन. मक्याच्या कोठीत गेला. पत्र्याची मोठी कोठी असते ना, मिस, वरून चढून आत उतरला तो. आणि बाबांनी खालून मका सोडला."

शेतकऱ्यांच्या त्या मुलुखात पुढचं सांगावं लागत नाही. खालून दाणा सुटला की वरचा दाणा माणसाला गिळतो.

"घरात त्याचं नाव काढत नाहीत. आईने फोटो जाळले. खरंच जाळले, अंगणात. बाबा जेवणापुरते घरात येतात. सहा वर्षांचा होता. मित्र नव्हते त्याला, जी काय होते ती मीच." तिने नाक पुसलं आणि एकदम हसली. "गधडा बदकांना घाबरायचा. म्हशीएवढ्या गाईंना नाही, बदकांना! हे आता जगात फक्त मला माहितेय, मिस. मी विसरले तर संपलंच ना सगळं."

"अजून सांग," मी म्हणाले.

"आज नको," डार्ला म्हणाली. "पुढच्या भेटीत."

ती गेली. मला ती पोरगी आवडायची, आणि आता तो बदकांना भिणारा पोरगाही आवडायला लागला होता.

३

त्याच दुपारी ग्रेडी उलरिकची पाळी होती. काडीसारखा, लाजाळू मुलगा. आजोबांनी ट्रॅक्टर शिकवला, वसंतात ते गेले, असा त्याचा विषय. वेळ झाली तरी पत्ता नाही. म्हणून बाहेर डोकावले, तर हा जिन्याकडे निघालेला.

"ग्रेडी! कुठे चाललास? ये की."

"झाली ना भेट, मिस," तो म्हणाला. "आत्ताच तर झाली."

"कुणाशी झाली?"

तो माझ्याकडे बघत राहिला. वेड लागलेल्या नातेवाइकाकडे बघतात तसं, काळजीने. "तुमच्याशी," तो म्हणाला, आणि "थँक यू" पुटपुटून जिना चढून गेला.

टाळाटाळीचे असले नमुने मी पुष्कळ पाहिले होते. दात दुखतो, गाडी बंद पडली, आजी वारली; एकाच सत्रात तीन-तीन आज्या वारणारी पोरं पाहिली होती. ग्रेडी त्यातलाच, असं म्हणून मी सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी त्याने सुधारलेला मसुदा दिला आणि मी थक्क झाले. एकही शब्द फालतू नाही. म्हाताऱ्याचे खडबडीत हात, स्टिअरिंगवर नातवाच्या हातांवर ठेवलेले. तो कुठलंसं गाणं गुणगुणायचा, तेही होतं.

पुढच्या आठवड्यात वर्ग भरला. गोल करून बसलो, ग्रेडीने निबंध वाचला. रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसा वाचला. डार्लाने विचारलं, "ए ग्रेडी, ते गाणं कुठलं रे गुणगुणायचे आजोबा?"

ग्रेडीने कागद उलटा केला, सुलटा केला.

"इथे लिहिलं नाहीये," तो म्हणाला.

"लिहिलं नसू दे. तुला आठवत असेल ना."

"जे आहे ते यात आहे," ग्रेडी म्हणाला. चेहरा स्वच्छ, दुःख नाही, राग नाही. सप्टेंबरात आजोबांचं नाव काढल्यावर हाच मुलगा उठून बाहेर गेला होता.

पोरं चारचौघांत मन उघडं करत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. खोटंही नव्हतं ते.

४

दुसऱ्या निबंधाच्या भेटी आल्या तोवर पाइप रोज वाजू लागले होते. त्याच सुमाराला मला पलीकडचा आवाज ऐकू येऊ लागला. शेवटच्या कप्प्यात कुणीतरी वाचायचं. शब्द कळायचे नाहीत, पण वाचण्याची लय ओळखू येते, तीन वर्षं तेच ऐकत होते मी. मग वाचणं थांबायचं. बराच वेळ काही नाही. आणि एक बाई हळूच म्हणायची, "अजून सांग."

मला वाटलं नवीन असिस्टंट आली असेल. जागा कुणी दिली तिला? मोडक्या खुर्च्यांत बसून शिकवतेय बिचारी. आवाज थोडा चिरका, नाकातून येणारा. मला तो फारसा आवडला नाही, खरं सांगते.

"ती शेवटच्या कप्प्यातली बाई कोण रे?" मी टोबिनला विचारलं. तो सँडविच खात होता.

"कोण बाई?"

"आत्ता बोलत होती ती. 'अजून सांग, अजून सांग.' नाकाला चिमटा लावल्यासारखा आवाज आहे बघ."

टोबिन चावायचा थांबला. "मारेन, चेष्टा करतेस का? अगं, तो तुझा आवाज."

"माझा?"

"तुझाच. मी तर म्हटलं, आज बाईसाहेब जागा बदलून बसल्यात." तो हसला, मग माझ्या तोंडाकडे बघून हसू आवरलं त्याने. "आपला आवाज आपल्याला कधी ओळखू येत नाही. रेकॉर्ड केलेला ऐकलायस ना?"

ऐकला होता. ऐकून शरमेने मेले होते. तो असाच होता, चिरका, नाकातून येणारा.

पाइपांतून आवाज इकडचा तिकडे जातो, टोबिनने समजावलं. मी माझ्या कप्प्यात बोलते, भिंतीवर आपटून तो पलीकडून परत येतो. पटण्यासारखं होतं. मी मान डोलावली. फक्त एवढंच होतं की तो आवाज आला तेव्हा मी सफरचंद खात होते, माझ्याजवळ कुणी नव्हतं आणि माझं तोंड भरलेलं होतं.

५

शेवटच्या कप्प्यात जाऊन पाहिलं. भरदुपारी, हॉलमध्ये माणसं असताना गेले. मी काही शूरवीर नाही.

मोडक्या खुर्च्या भिंतीला लावून एकावर एक रचलेल्या. फक्त दोन खाली होत्या. कोपऱ्याला कोपरा लावून, गुडघा गुडघ्याला लागेल न लागेल इतक्या अंतरावर. बाईंनी शिकवलेल्या त्याच पद्धतीने, पण आम्ही कुणी इतक्या जवळ ठेवत नसू. टेबल नव्हतं. एका खुर्चीची गादी गरम होती. वर पाइप होता, त्यामुळे असेल. दुसरीची गार होती, आणि ती बरोबर पाइपाच्या खाली होती.

दोन्ही खुर्च्या उचलून मी ढिगावर टाकल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली, पुन्हा तशाच. टोबिनला दाखवलं. "सफाईवाले करत असतील," तो म्हणाला, पण आत काही आला नाही, बाहेरूनच म्हणाला.

माझ्या वर्गात आता ग्रेडीसारखे आणखी काहीजण झाले होते. कसं ओळखायचे? निबंध अप्रतिम, आणि मूल कोरडं. वर्गात हळूहळू शांतता वाढत होती. रागाची नाही, कंटाळ्याचीही नाही. ज्याच्याजवळ सांगायला काही उरलेलं नाही अशा माणसाची असते, तसली. एक डार्लाच बोलायची, आणि तिचा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटायला लागला होता.

मी पेट्राकिस बाईंकडे गेले. काय सांगणार होते देव जाणे. "माझ्या भेटी दुसरंच कुणी घेतंय" असं सांगितलं तर आधी मलाच सुट्टीवर पाठवलं असतं. म्हणून फिरवून सांगितलं, की मुलं भेटीनंतर रिकामी झाल्यासारखी वाटतात.

बाईंचा चेहरा खुलला. "मारेन, तुझ्या वर्गाचे मसुदे मी वाचलेत. वर्षानुवर्षं असं लेखन आलं नव्हतं आपल्याकडे. मुलांनी ओझं उतरवलंय गं! हेच तर हवं असतं आपल्याला."

"पण ते ओझं त्यांचं होतं, बाई."

कोपरं गुडघ्यांवर टेकून, मान पुढे करून त्या माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिल्या. मी घाईने उठले.

६

त्या दिवसापासून माझ्या सगळ्या भेटी मी वर कँटीनमध्ये घ्यायला लागले. गोंगाट, तळलेल्या बटाट्यांचा वास, कपबश्यांची आदळआपट. असल्या ठिकाणी कुणी मन मोकळं करत नाही, आणि मला तेच हवं होतं. वर्गाला बजावून सांगितलं, "तळघरात यायचं नाही. मी तिथे नसते. तिथे मी दिसले तरी नसते." पोरं हसली. हसणारी थोडीच उरली होती म्हणा.

वर्ग सुटल्यावर डार्ला मागे थांबली.

"मिस, खाली काय आहे?"

"काही नाही. गारठा आहे."

"ग्रेडीला विचारलं मी. तो म्हणाला, तुम्ही नुसतं ऐकलंत आणि सगळं निघून गेलं." ती तिच्या लोकरी हातमोज्यांशी चाळा करत होती. "आता त्याला रात्री झोप लागते म्हणे."

"डार्ला, आजोबांचं गाणं त्याला आठवत नाही."

"हो ना. म्हणून तर झोप लागते." तिने वर पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालेलं मला तेव्हा दिसलं. "तुम्हाला नाही कळायचं, मिस. कापणी सुरू झाली की मशीनचा आवाज येतो. इथे वसतिगृहातसुद्धा येतो, लांबून. उशीखाली डोकं घातलं तरी येतो. त्या दिवशी त्याच्यावर लक्ष ठेवायला मला सांगितलं होतं. आणि मी ट्रकमध्ये बसून गाणी ऐकत होते."

मी तिचे हात धरले. "ऐक माझं. तूच म्हणालीस ना, तू विसरलीस तर संपलं सगळं? तो पोरगा आता फक्त तुझ्याजवळ आहे. त्याला असा देऊन टाकू नकोस कुणाला."

"तुम्हालाच तर देणार," डार्ला म्हणाली.

"मी नाहीये ती!"

तिने माझ्याकडे पाहिलं, ग्रेडीने पाहिलं होतं तसंच. मग मला धीर द्यावा तशी म्हणाली, "बरं बाई, नाही जात. कँटीनमध्ये येते. मात्र बटाटे तुमच्याकडून."

७

दिवस ठरला होता, वेळही. बटाटे गार झाले. डार्ला आली नाही.

वर मोठ्या खोलीत बाईंची गुण जुळवायची बैठक चालू होती. एकच निबंध सगळ्यांनी तपासायचा आणि कुणी किती गुण दिले ते ताडून पाहायचं. माझ्याशिवाय झाडून सगळे असिस्टंट तिथे. म्हणजे तळघर रिकामं. हे लक्षात आलं मात्र, कोटही न घेता मी पळत सुटले.

जिन्याशीच तिचा आवाज ऐकू आला. डार्लाचा आवाज, पण हळू, सावकाश. मी कप्प्यांमधून धावत गेले आणि शेवटच्या पार्टिशनपाशी पोचले. एक हात आत घालून तिला ओढायचं, एवढंच काम होतं.

आणि मी थांबले.

का थांबले ते सांगते. ती ओरिनबद्दल सांगत होती, आणि मी आयुष्यात कुणाला इतकं सुरेख सांगताना ऐकलं नव्हतं. तो खिशात ओले वाटाणे ठेवायचा आणि विसरायचा, धुतलेल्या चड्डीतून ते फुगून बाहेर पडायचे. झोपताना बहिणीच्या वेणीचं टोक मुठीत धरायचा. तिच्या पाठीवर बसून घोडा घोडा करायचा आणि घोड्याने डावीकडे वळावं म्हणून तिचा डावा कान ओढायचा. त्या दिवशी त्याला कोठीवरून गाव बघायचं होतं. ती म्हणाली होती, "जा, मला त्रास देऊ नकोस." मग मका सुटल्याचा आवाज. मग त्याची टोपी.

मुलगी अशी बोलत असताना मध्ये पडायचं नाही. तीन वर्षं मी हेच केलं होतं, हेच नवीन लोकांना शिकवलं होतं. दुसरा कुणीही असता, भाजीवाला, ड्रायव्हर, माझी आई, तर "डार्ला!" म्हणून केव्हाच ओरडला असता. मी श्वास रोखून उभी राहिले.

डार्ला थांबली.

शांतता. आता, मी स्वतःला म्हणाले. आत्ता बोल, गाढवे. तिचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण ती शांतता तिची होती, ती मोडायची नाही. आणि मी वाट बघितली.

"अजून सांग."

आवाज आतून आला. मी शपथेवर सांगेन, आतून आला. मात्र त्या क्षणी माझे ओठ उघडे होते आणि घशात काहीतरी हललं होतं, हेही खरं आहे.

मी पार्टिशनच्या कडेआडून पाहिलं. डार्ला माझ्याकडे तोंड करून बसली होती, डोळे मिटलेले. तिच्या खुर्चीच्या कोपऱ्याला कोपरा लावून दुसरं कुणीतरी बसलं होतं, माझ्याकडे पाठ करून. करडा स्वेटर. केस माझ्यासारखे घाईने वर बांधलेले. कोपरं गुडघ्यांवर, मान पुढे. फार पुढे. माणसाची मान जिथे थांबते त्याच्याही पुढे, थेट डार्लाच्या तोंडापाशी. डार्लाचे ओठ भराभर हलत होते आणि त्यांतून एकही आवाज येत नव्हता.

"डार्ला!" मी किंचाळले.

डोक्यावरचा पाइप धाडकन वाजला. मी डोळे मिटले असतील, वर पाहिलं असेल, नक्की सांगता येत नाही. पुन्हा पाहिलं तेव्हा डार्ला एकटी होती. शेजारच्या खुर्चीची दबलेली गादी हळूहळू वर येत होती.

डार्लाने डोळे उघडले. हातमोजे घातले, उठली, जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं.

"थँक यू, मिस," ती म्हणाली. "खूप हलकं वाटतंय."

८

तिचा निबंध विभागाच्या वार्षिक संग्रहात घ्यायचा, असं बाईंनी परस्पर ठरवून टाकलं. मी तो वाचला नाही. मला वाचायची गरज नव्हती.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी पोरं घरी निघाली होती. डार्लाही निघणार होती, त्याच घरी, जिथे कुणी ते नाव काढत नाही. आता तिथे नाव काढणारंच कुणी उरलं नव्हतं. मला राहवेना. ऐकून ऐकून आयुष्य गेलं, एकदा तरी बोलूया, असं म्हणून मी डेअरीच्या दुकानात गेले. बाहेर बर्फ भुरभुरत होता, आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. डार्ला काउंटर पुसत होती.

"काय देऊ, मिस? भोपळ्याचं आलंय नवीन."

"काही नको. मला तुला काही सांगायचंय."

"सांगा की," ती म्हणाली, आणि फडकं खाली ठेवलं.

मी सांगितलं. बदकं सांगितली, वाटाणे सांगितले. वेणीचं टोक, डावा कान, कोठीवरून दिसणारं गाव. तिच्या तोंडून ऐकलं होतं तसंच्या तसं सांगायचा प्रयत्न केला, म्हणजे कुठेतरी काहीतरी हलेल, एखादा दाणा तरी वर येईल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"बिचारा," डार्ला म्हणाली. "किती गोड होता हो. माझ्या निबंधात मी एक मुलगा रचला होता ना, थोडा त्याच्यासारखाच." तिने मनगटाने डोळे पुसले. "तुमचा कोण, मिस? भाऊ?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. आणि माझ्या पाठीवर त्याचं वजन आलं. चिखलाचे बूट बरगड्यांना लागले, मानेवर त्याचा गरम श्वास आला, त्या श्वासाला कच्च्या वाटाण्याचा वास होता. वासाचं डार्ला मोठ्याने बोलली नव्हती. मी सगळं ऐकलं होतं, आणि वासाचं ती एक अक्षर बोलली नव्हती.

"हो," मी म्हणाले. "धाकटा."

"मला भाऊ-बहीण कुणीच नाही," डार्ला म्हणाली, "त्यामुळे मला काय कळणार म्हणा." मग मात्र मला रडू आवरेना, आणि काउंटरवरून वाकून तिनेच मला जवळ घेतलं.